दहाव्याचा तांब्या

गुरुवारी रात्री साडेनऊला विष्णूकाका गेले,
मालिका अर्ध्यावर असताना.
दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं,
शेवटी कुणाचं तरी वाटोळं.
काकांना गोष्टीपेक्षा वाटोळं आवडायचं.

त्या रात्री पडद्यावर एका सावकाराला
पितळेचा तांब्या सापडला होता.
मागेल ते द्यायचा,
आणि दर मागण्यामागे घरातलं एक माणूस ठेवून घ्यायचा.
सावकाराला सोडून माणसं उरली तीन,
यादीत मागण्या चार.
काका म्हणाले, "आता बघ गंमत,"
आणि जाहिरात लागली.

जाहिरात संपली तेव्हा आम्ही त्यांचे तळवे चोळत होतो.
टीव्ही बंद करायचं सुचलं नाही,
पण बघितलंही कुणी नाही.

दहाव्याला पंचकुइयाला पिंड मांडले.
कावळा एकच, जाड मानेचा, पिंपळावर.
बसला तो बसलाच.

थोरला मुकुंद हात जोडून पुढे झाला,
"बाबा, आईला आम्ही सांभाळू."
कावळ्याने चोच पंखात घातली.
"तुकोगंजचा फ्लॅट विकणार नाही."
(विकायचा होता, हे आईला तिथेच कळलं.)
धाकटा श्रीरंग, कोर्टाबाहेर नोटरी,
घसा खाकरून म्हणाला,
"विकणार नाही, म्हणजे शक्यतो,
म्हणजे योग्य भाव येईपर्यंत."

मग आत्या रडत रडत,
"दादा, पाटल्या माझ्याकडेच आहेत रे, परत देते."
त्याच पाटल्या,
ज्यांच्यापायी एकोणनव्वद साली
कामवाली काढली होती, पोलिसांची भीती घालून.
जावयाने लॉकरची दुसरी किल्ली कबूल केली.
मी काय बोललो ते विचारू नका.
मी मनात बोललो,
तरी कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडेच बघितलं.

ऊन चढलं.
गुरुजींना अकराला खजराण्यात वास्तुशांत,
ते दर्भाचा कावळा वळायला बसले.
कुणीतरी म्हणालं, इंदूरचा माणूस,
नुसत्या भातावर कसा येईल?
शंभर ग्रॅम लवंगी सेव आली, पिंडावर पसरली.
खार आली, सेव घेऊन गेली.

तेव्हा मागून, आमच्या चपला राखत उभा असलेला बनवारी,
रात्री काकांचे पाय दाबणारा,
दोन महिन्यांचा पगार थकलेला,
पुढे आला आणि पिंपळाकडे बघून म्हणाला,
"काका, तो सावकार ना,
चौथं मागायला गेला. घरात कुणी उरलंच नव्हतं.
मग तांब्याने त्यालाच आत घेतलं.
सकाळी भंगारवाला आला,
म्हणाला, पितळ आहे, पण वजन जास्त भरतंय."

कावळा खाली आला.
आधी उरलेली सेव, मग भात.

परतताना रिक्षात मी विचारलं,
"शेवट तू कधी बघितलास?"
"कुठे बघितला भिया,
मी तर डॉक्टरला आणायला पळालो होतो."
मुकुंदने खूश होऊन
सेवेचा राहिलेला पुडा त्याला दिला.
पगाराचं कुणी काढलं नाही.
कावळा जेवला होता, आता घाई कसली.

दहाव्याला नेलेला तांब्या घरी आला,
पितळेचाच. मोरीशेजारी पालथा ठेवलाय,
घासायला कुणी घेत नाही.
फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय, पाटल्या अजून यायच्यात.

काल रात्री दोन वाजता
मुकुंद दिवा न लावता मोरीपाशी उकिडवा बसला होता,
तांब्या सुलटा करून, तोंड आत घालून
काहीतरी पुटपुटत.
मला दिसला,
म्हणजे मीही तिथे होतो.

आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.
फक्त, घरात किती जण झोपलेत
ते दोघांनीही मोजलं.